किलिमांजारो झोपलाय की संपलाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किलिमांजारोला जायचं ठरलं की आपल्याकडे चौकशी सुरू होते ती बुटांची, गोळ्यांची आणि थंडीच्या कपड्यांची. डोंगराची चौकशी फार थोडे लोक करतात. मी भूशास्त्र शिकलेली, सह्याद्रीच्या कातळावर हिंडलेली. मारांगूच्या वाटेनं किलिमांजारो चढून आले, तेव्हापासून ट्रेकमधले सोबती, त्यांचे मित्र, कधी कधी त्यांची शाळकरी मुलंही मला तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे. माझा हट्ट एवढाच, की माथा गाठण्याआधी पायाखालच्या दगडाशी ओळख व्हावी.

हा एकच डोंगर आहे ना? मग तीन नावं कशी?

डोंगर एक दिसतो, पण ज्वालामुखी तीन आहेत. पश्चिमेला शिरा, मधोमध किबो आणि पूर्वेला मावेन्झी. ५,८९५ मीटर उंचीचं उहुरू शिखर आहे ते किबोच्या कड्यावर. मावेन्झी ५,१४९ मीटरचा, आणि शिरा आता जेमतेम ४,००० मीटरच्या आसपास उरलाय. तिघांचे लाव्हा एकमेकांवर, एकमेकांत सांडत गेले आणि त्यांचा मिळून सुमारे ८० किलोमीटर लांब आणि ५० किलोमीटर रुंद असा एक पसारा झाला. हे सगळं टांझानियाच्या ईशान्य कोपऱ्यात, केनियाच्या सीमेला खेटून आणि विषुववृत्तापासून साधारण ३३० किलोमीटर दक्षिणेला आहे.

तिघांत थोरला कोण?

शिरा. त्याची सुरुवात सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी झाली आणि १९ लाख वर्षांपूर्वीपर्यंत तो थंडावला. पुढे त्याचा माथा खचला, आणि नंतर किबोचा लाव्हा येऊन त्या खोलगट भागात भरला. आज लेमोशोच्या वाटेनं जाणारे ज्या शिरा पठारावर मुक्काम करतात, ते पठार म्हणजे ढासळलेल्या ज्वालामुखीचं भरून निघालेलं पोट आहे.

मावेन्झी पेटला सुमारे दहा लाख वर्षांपूर्वी. त्याचा आजचा आकार बघून विश्वास बसत नाही की हा कधीकाळी चांगला गोल शंकू होता. पूर्वेची बाजू कोसळून खाली वाहून गेली, आणि पावसानं व हिमनद्यांनी उरलेलं कोरून काढलं. राहिलेल्या सुळक्यांमध्ये भेगांत गोठलेल्या लाव्हाच्या शेकडो उभ्या भिंती आहेत, ज्यांना आम्ही डाइक म्हणतो. हा दगड भोवतालच्या राखेपेक्षा कणखर असतो, म्हणून मऊ भाग झिजला आणि भिंती राहिल्या. पडक्या वाड्याची माती पावसात वाहून जावी आणि सागवानी खांब उभे राहावेत, तसा मावेन्झी दिसतो. होरोंबोच्या मुक्कामावरून पहाटे तो बघा. काळ्या करवतीच्या दात्यांमागून उजाडत जाणारं आभाळ मला माथ्यावरच्या सूर्योदयाहूनही जास्त आठवतं.

किबो सगळ्यांत धाकटा. पाच लाख वर्षांपूर्वी तो उसळू लागला आणि दोघांच्याही वर गेला.

पायथ्याला राहणाऱ्या चग्गा लोकांची एक गोष्ट आहे. किबो आणि मावेन्झी शेजारी. मावेन्झीचा विस्तव सारखा विझायचा आणि तो किबोकडे निखारे मागायला जायचा. पुन्हा पुन्हा आला तेव्हा वैतागून किबोनं त्याला मुसळानं बदडलं, म्हणून मावेन्झीचा माथा असा फुटका. किती वेळा वाचली तरी मला या गोष्टीचं नवल वाटतं, कारण भूशास्त्रही तेच सांगतं: मावेन्झीचा विस्तव आधी विझला, किबोचा मागे उरला.

झोपलेला, मेलेला, जागा: यात नेमका फरक काय?

रेघ तितकी पक्की नाही, पण ढोबळ हिशेब असा. जो सध्या उद्रेक करतोय किंवा मधूनमधून करत असतो, तो जागृत. ज्याला खालून शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, मिळण्याचा मार्गच बंद झालाय, तो मृत. आणि जो बराच काळ गप्प आहे, पण ज्याच्या पोटात उष्णता आहे आणि जो पुन्हा उठू शकतो, तो निद्रिस्त किंवा सुप्त. शिरा आणि मावेन्झी मृत धरले जातात, किबो निद्रिस्त.

माणसाच्या आठवणीवरून हे ठरवू नये. फिलिपिन्सचा पिनातुबो सुमारे ५०० वर्षं शांत होता. आजूबाजूच्या कित्येकांना तो ज्वालामुखी आहे हेच ठाऊक नव्हतं. जून १९९१ मध्ये तो फुटला आणि विसाव्या शतकातल्या सगळ्यांत मोठ्या उद्रेकांत गणला गेला. त्याच वर्षी आपल्या अंदमानच्या समुद्रातला बॅरन बेटाचा ज्वालामुखीही दीड शतकाहून जास्त काळ गप्प राहून जागा झाला आणि त्यानंतर अधूनमधून धुमसतोच आहे. ज्वालामुखीच्या आयुष्यात पाचशे वर्षं म्हणजे दुपारची वामकुक्षी.

किलिमांजारोचा शेवटचा उद्रेक कधी झाला?

लिखित इतिहासात एकही नाही. किबोचं मोठं काम, म्हणजे डोंगर बांधणारे लाव्हाचे मोठे लोट, सुमारे साडेतीन लाख वर्षांपूर्वीचे. त्यानंतरची धडपड लहान होती: माथ्यावरच्या आतल्या मुखाशी आणि उतारांवर फुटलेल्या छोट्या छोट्या शंकूंमधून. त्यांचं वय साधारण दोन ते दीड लाख वर्षं निघतं. असे लहान शंकू डोंगराच्या अंगावर अडीचशेच्या आसपास आहेत. किबो आणि मावेन्झीच्या मधली खोगिरासारखी सपाट जागा ओलांडताना त्यांतले काही वाटेवरून सहज दिसतात. बहुतेक लोक त्यांना टेकाडं समजून पुढे जातात.

मग तो मेला नाही, हे कशावरून?

माथ्यावर जाऊन बघायचं. उहुरू शिखर हे टोकदार टोक नाही, एका मोठ्या कुंडाच्या काठावरची ती सगळ्यांत उंच जागा आहे. पोटातला शिलारस निघून गेल्यावर आधार सुटून माथा आत खचला आणि सुमारे अडीच किलोमीटर रुंदीचं कुंड झालं. याला कॅल्डेरा म्हणतात. त्याच्या आत आणखी एक मुख आहे, रॉइश विवर. तिथे अनेकदा चढून गेलेल्या रिचर्ड रॉइश या मिशनऱ्याचं नाव त्याला मिळालं. आणि त्याच्याही आत राखेची खाई, सुमारे १३० मीटर खोल. एकात एक ठेवलेल्या पातेल्यांसारखी ही रचना आहे, आणि प्रत्येक आतलं पातेलं बाहेरच्याहून नंतरचं.

रॉइश विवराच्या कडांवर धूममुखं आहेत. जमिनीतल्या फटींतून वाफ आणि गंधकाचा वायू येतो, फटींच्या तोंडाशी पिवळट गंधक साचतं. १९५३ आणि १९५७ मध्ये शेफिल्ड विद्यापीठ आणि तत्कालीन टांगानिकाच्या भूशास्त्र विभागानं मिळून डोंगराचं बारकाईनं सर्वेक्षण केलं, तेव्हा या धूममुखांचीही नोंद घेतली. साडेपाच हजार मीटरहून उंच, भोवती बर्फ, रात्री हाडं गोठवणारी थंडी, आणि तिथली जमीन हाताला ऊन लागते. खाली काहीतरी अजून गरम आहे, याला आणखी वेगळा दाखला लागत नाही.

शिलारस माथ्याखाली फक्त ४०० मीटरवर आहे, हे खरं का?

हा आकडा इंटरनेटवर फार फिरतो. मी तरी त्यावर विसंबत नाही. वितळलेला शिलारस इतका वर आला असता तर डोंगर गप्प बसला नसता. लहान लहान भूकंपांची मालिका, जमीन फुगणं, धूममुखांचा जोर वाढणं, माथ्यावरचं बर्फ तळातून झपाट्यानं वितळणं, हे सगळं ठळक दिसलं असतं. मंद धूममुखं तर खोलवर निवत चाललेल्या खडकाच्या उष्णतेवरही टिकतात. भीती घालायला आकडा चांगला आहे, एवढंच.

पण ज्वालामुखी इथेच का झाला?

कारण आफ्रिका फाटते आहे. पूर्व आफ्रिकेची खचदरी इथून उत्तर-दक्षिण जाते. तिच्या पूर्वेचा तुकडा पश्चिमेच्या तुकड्यापासून वर्षाला काही मिलिमीटर दूर सरकतो. भूकवच ताणलं की पातळ होतं, खालच्या प्रावरणावरचा, म्हणजे कवचाखालच्या तप्त खडकाच्या थरावरचा, दाब कमी होतो, आणि दाब कमी झाल्यावर तिथला तापलेला खडक थोडा थोडा वितळतो. कुकरचं झाकण घट्ट असेतो आतलं पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही, शिटी उचलली की खळखळ उसळतं. तसंच काहीसं.

टांझानियाच्या उत्तरेत या खचदरीला आडवा असा ज्वालामुखींचा पट्टा आहे, न्गोरोंगोरोपासून किलिमांजारोपर्यंत. त्याच पट्ट्यातला मेरू १९१० मध्ये थोडासा धुमसला होता. आणि ओल डोइन्यो लेंगाई, मसाई भाषेत 'देवाचा डोंगर', आजही जागा आहे. त्याचा लाव्हा जगावेगळा. नेहमीचा बेसॉल्ट, आपल्या काळ्या कातळाचा दगड, हजार-बाराशे अंशांना वाहतो, हा पाचशे-सहाशे अंशांनाच. डांबरासारखा काळा, पाण्यासारखा पातळ, आणि निवल्यावर दमट हवेत काही तासांत पांढरा पडणारा, कारण त्यात सिलिका जवळपास नसते, धुण्याच्या सोड्याच्या जातीची कार्बोनेटं असतात. २००७ मध्ये मात्र त्यानं मोठा स्फोट करून राखेचे ढग उडवले. ज्यांना किलिमांजारोच्या शेजारपाजाऱ्यांविषयी उत्सुकता आहे, त्यांनी लेंगाईपासून सुरुवात करावी.

तिथला दगड आपल्या काळ्या कातळासारखाच असतो का?

वरवर तसाच. पण हातात घेऊन बघितला की वेगळा.

सह्याद्रीचा बेसॉल्ट बारीक दाण्याचा आणि एकसारखा काळा. किलिमांजारोच्या लाव्हात सोडियम आणि पोटॅशियम जास्त असतं. प्रावरणाचा अगदी थोडा हिस्सा वितळला की असा रस निघतो, पहिल्या धारेच्या अर्कासारखा. तो वाटेत थांबून, निवत, स्फटिक टाकत वर आला की त्याचे ट्रॅकाइट आणि फोनोलाइट हे दगड बनतात. फोनोलाइटच्या पातळ चिपेवर दुसरा दगड आपटून बघा, चांगल्या भाजलेल्या मडक्यासारखा खणखणीत आवाज येतो. त्याच्या नावातला 'फोनो' म्हणजे हाच नाद.

पण माझा लाडका दगड दुसराच आहे. किबोच्या साडेतीन लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हात फेल्डस्पार या फिकट खनिजाचे मोठे स्फटिक आहेत, चौकटच्या एक्क्यासारख्या आकाराचे. त्याला रॉम्ब पॉर्फिरी म्हणतात. जगात तो फार थोड्या ठिकाणी मिळतो, नॉर्वेतलं ऑस्लोचं खोरं त्यांतलं एक नावाजलेलं. किबो हटकडे जाताना वाऱ्यानं बेजार होऊन मी एका मोठ्या दगडाच्या आडोशाला टेकले, तर गालाशी हा दगड. करड्या-काळ्या पिठात कुणी शंकरपाळे पेरून ठेवावेत तसे दोन-तीन सेंटिमीटरचे फिकट स्फटिक, काही आडवे, काही उभे, बरेचसे एकाच दिशेला झुकलेले. ज्या दिशेला झुकले त्या दिशेला तो लाव्हा वाहत होता. लाव्हा कधीच थिजला, पण वाहताना तो कुठे वळला ते शंकरपाळ्यांनी धरून ठेवलं. हे स्फटिक वर आल्यावर बनलेले नाहीत. खोल जमिनीत, निवांत, पुष्कळ काळ वाढत राहिले आणि मग रसाबरोबर वर आले. आमच्या वाटाड्यानं माझ्या शेजारी बसून त्या दगडावरून बोट फिरवलं. म्हणाला, इतकी वर्षं मी याच्यावर पाठ टेकतोय.

सह्याद्रीही झोपलेला ज्वालामुखीच ना?

नाही. हा गैरसमज फार पसरलाय. दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतल्या लांबच लांब भेगांमधून आला आणि थरावर थर पसरत गेला. तिथे शंकू नव्हते, पोटातला शिलारस आता नाही, आणि भारताचा तुकडा तेव्हाच्या जागेपासून हजारो किलोमीटर उत्तरेला सरकलाय. किल्ल्यांच्या कड्यांवर दिसणाऱ्या आडव्या पट्ट्या म्हणजे ते लाव्हाचे थर. सह्याद्री ज्वालामुखीच्या दगडाचा आहे, पण सह्याद्री स्वतः ज्वालामुखी नाही. किलिमांजारोची त्याच्याशी तुलना करायचीच तर वयाची करा. शिरा पेटला तेव्हा आपले कडे सहा कोटी वर्षांहून अधिक जुने होते.

चाला तलाव लोणारसारखा आहे का?

दिसायला बहीण, जन्मकथा निराळी. लोणार उल्कापातानं बेसॉल्टमध्ये पडलेला खड्डा आहे. चाला हे किलिमांजारोच्या पूर्व उतारावरचं ज्वालामुखीचं विवर, केनिया-टांझानियाच्या सीमारेषेवर, डोंगरातून झिरपणाऱ्या पाण्यानं भरलेलं. त्याचा तळ शांत असल्यानं तिथे गाळाचे बारीक थर न विस्कटता साचत गेलेत. २०१६ मध्ये संशोधकांनी दोनशे मीटरहून अधिक खोल वेध घेऊन सुमारे अडीच लाख वर्षांची हवामानाची वही वर काढली.

माथ्यावरचं बर्फ ज्वालामुखीच्या उष्णतेनं वितळतंय का?

धूममुखांच्या लगत थोडंफार वितळतं. पण मूळ कारण ते नाही.

आधी हे लक्षात घ्या, की विषुववृत्ताजवळ बर्फ असू शकतं हेच युरोपला पटत नव्हतं. योहानेस रेबमान या मिशनऱ्यानं १८४८ मध्ये ते पाहिलं आणि लिहिलं, तर लंडनच्या पंडितांनी त्याला खोट्यात काढलं. वर जाऊन खात्री झाली ती ६ ऑक्टोबर १८८९ ला, हान्स मायर आणि लुडविग पुर्टशेलर माथ्यावर पोचले तेव्हा.

१९१२ मध्ये इथे सुमारे १२ चौरस किलोमीटर बर्फ होतं. २०११ मध्ये १.७६ उरलं. हवा तापली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पूर्व आफ्रिकेचं हवामान कोरडं झालं. नवा हिमवर्षाव कमी झाला. हिमक्षेत्रांच्या कडा भिंतीसारख्या उभ्या आहेत, त्यांच्यावर ऊन थेट पडतं, शेजारची काळी राख तापते, आणि भिंती मागे मागे सरतात. कोरड्या हवेत पुष्कळसं बर्फ पाणी न होताच थेट उडून जातं, डबीतल्या कापरासारखं. ते २०१५ ते २०२० च्या दरम्यान संपेल असं एक भाकीत होतं. तसं झालं नाही, पण ते दर वर्षी आटतंच आहे. किबोच्या काठावरच्या गिलमन्स पॉइंटवरून पुढे जाताना उजाडल्यावर त्या भिंती दिसतात. निळसर, पट्ट्यापट्ट्यांच्या आणि फार एकाकी. मला तिथे रडू आलं होतं.

बर्फ गेलं तर खालच्या शेतीचं पाणी जाईल का?

खालचं बहुतेक पाणी बर्फाचं नाहीच, जंगलाचं आहे. दक्षिण उतारावरच्या जंगलपट्ट्यात वर्षाला २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, माथ्यावर त्याच्या दहाव्या हिश्शाइतकाही पडत नाही. सच्छिद्र राख आणि भेगाळ लाव्हा हे पाणी पितात आणि खाली झऱ्यांतून सोडतात. चग्गा शेतकऱ्यांनी या पाण्याचे पाट काढले, त्यांना म्फोंगो म्हणतात. पाटांच्या कडेनं केळी, त्यांच्या सावलीत कॉफी, खाली कंद आणि भाज्या, अशा मजल्यामजल्यांच्या बागा. ज्वालामुखीची माती आणि जंगलाचं पाणी या दोन्हींवर त्या उभ्या आहेत. म्हणून मला बर्फाइतकीच, किंबहुना जास्त, काळजी वाटते ती जंगलाची. २०२० आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये डोंगरावर मोठे वणवे लागले.

तो उद्या जागा झाला तर?

'उद्या' असं सहसा होत नाही. शिलारसाला वर येताना खडक फोडावा लागतो, त्याचे धक्के भूकंपमापकांवर उमटतात, वायूंचं प्रमाण बदलतं. पिनातुबोनंही फुटण्याआधी काही आठवडे इशारे दिले होते, म्हणून हजारोंचे जीव वाचले. किबोकडून आज असा कुठलाही इशारा नाही. तसा तो उठलाच तर राख आणि चिखलाचे लोट हा मोठा धोका असेल, कारण खालचे उतार दाट वस्तीचे आहेत.

मग ट्रेकमध्ये खरी भीती कशाची?

उंचीची. मारांगूचं प्रवेशद्वारच कळसूबाईच्या १,६४६ मीटरच्या माथ्याहून वर आहे आणि उहुरूवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. डोकेदुखी, उलटी, तोल जाणं अंगावर काढू नका, खाली उतरा. दुसरी भीती दरडींची. बर्फानं धरून ठेवलेले दगड बर्फ आटल्यावर सुटतात. जानेवारी २००६ मध्ये वेस्टर्न ब्रीचच्या वाटेवर अशाच दगडांनी तीन गिर्यारोहकांचा जीव घेतला. आणि उंचीची सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून 'दोन दिवस वाचतात' असं सांगून कुणी छोटा कार्यक्रम देऊ केला तर घेऊ नका.

आठवण म्हणून एखादा दगड आणता येईल का?

नाही. १९७३ पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि १९८७ पासून जागतिक वारसा. तिथून दगड, रोप, काहीही उचलायला मनाई आहे. मलाही तो शंकरपाळ्यांचा दगड पिशवीत टाकावासा वाटला होता, मुठीत मावेल असा एक तुकडा शेजारीच पडला होता. त्याच्याजवळ पट्टी ठेवून दोन फोटो काढले, स्फटिक कुठल्या दिशेला झुकलेत ते होकायंत्रावर बघून वहीत लिहिलं, आणि जसा होता तसा वाऱ्याकडे तोंड करून परत ठेवला.